रायगडचा ताळेबंद : शिवशाहींतील रयतेची उभारणी आणि चाकरीची शिस्त

१

एखाद्या सरकारचें काम सालोसाल कसें होत गेलें हें पाहावयाचें असल्यास सालअखेरचा हिशेब हातीं घ्यावा, ही अभ्यासकाची सरळ वाट होय. किती पड जमीन लागवडीस आली, रयतेस किती कर्ज वांटलें, किती बाकी सोडली, कोणता कामगार कामांत चुकला आणि त्याच्या जागीं पुढें कोण आला, या गोष्टी अशा हिशेबांत कळतात. पेशवाईपुरती ही वाट मोकळी आहे. पुण्याच्या दप्तरांत ताळेबंद, झडत्या व रोजकीर्दी यांचे रुमालचे रुमाल आहेत. शिवशाहीसंबंधानें ही सोय राहिली नाहीं. रायगड १६८९ च्या नोव्हेंबरांत मोंगल सरदार इतिकादखान याच्या हवालीं झाला. पुढें तो सिद्दीच्या ताब्यांत राहिला व १७३३ सालीं मराठ्यांकडे परत आला. शेवटीं १८१८ च्या मे महिन्यांत कर्नल प्रॉथरच्या तोफांनीं गडावरील वाडे पेटले आणि १० मे रोजीं गड इंग्रजांस मिळाला. इतक्या उलाढालींतून राजधानीचें दप्तर अखंड टिकणें शक्य नव्हतें.

यामुळें शिवशाहींत रयत सावरली काय आणि सरकारी चाकरी शुद्ध झाली काय, या प्रश्नाचें उत्तर बहुधा दोन साक्षीदारांच्या तोंडून दिलें जातें. एक कृष्णाजी अनंत सभासद, व दुसरा इंग्रज वैद्य जॉन फ्रायर. पहिला म्हणतो, सर्व सुखी झालें. दुसरा म्हणतो, रयत पिळली गेली. वाचकानें आपापल्या ओढीप्रमाणें एकास उचलावें व दुसऱ्यास टाकावें, असा प्रकार आजवर पुष्कळ झाला आहे. आमच्या मतें हा वाद या दोघांवर सोडूं नये. छत्रपतींच्या सरकारानें आपल्याच कामगारांस लिहिलेलीं चार पत्रें १६७१ ते १६७६ या पांच वर्षांतील आहेत. तीं अभ्यासकांच्या परिचयाचीं आहेत. परंतु एकेक पत्र निरनिराळें घेऊन त्यांतील एखादें सुंदर वाक्य उद्धृत करण्याचा प्रघात पडल्यामुळें त्या चौघांस तारीखवार लावून एका हिशेबाच्या चार बाबी म्हणून वाचण्याचें राहून गेलें आहे. तें येथें करावयाचें आहे. आणि ज्या मुलखाच्या माथ्यावर ही राजधानी होती, त्या महाड व पोलादपूर प्रांताचा या हिशेबाशीं संबंध काय, हेंहि पाहावयाचें आहे.

२

प्रथम मुलूख पाहूं. सावित्री नदी महाबळेश्वरीं उगम पावून पोलादपुरावरून महाडास येते व पुढें बाणकोटच्या खाडीनें समुद्रास मिळते. खाडीच्या वाटेनें लहान गलबतें महाडापर्यंत येत, म्हणून महाड हें जुनें बंदर. पोलादपुराकडून पार घांटानें जावळी व वाई गांठतां येते. महाडाहून वरंध घांटानें हिरडस मावळांत चढतां येतें. कोंकणचें मीठ वर जावयाचें व देशावरचा माल खालीं यावयाचा तो या वाटांनीं. व्यापाराला जागा उत्तम, पण शेतीला अपुरी. नदीकांठीं भाताचीं खाचरें, डोंगरउतारावर नाचणी व वरी, आणि वर्षाचें पीक बहुतेक एका पावसाळ्यावर. अशा प्रांतांत आषाढाच्या तोंडावर ज्या कुळंब्याचा बैल मेला, किंवा ज्याचें बियाणें चैत्रवैशाखांतच पोटांत गेलें, त्याचें तें सबंध साल बुडालें. एक साल बुडालें म्हणजे बाकी चढली. बाकी चढली म्हणजे गांव सोडण्याची वेळ आली. गांव सोडलें म्हणजे जमीन पड पडली. कोंकणांत मुलूख उजाड होतो तो असा, एकेका जोताच्या वाटेनें.

हा मुलूख जावळीच्या मोऱ्यांकडे होता. १६५६ च्या जानेवारींत शिवाजी महाराजांनीं जावळी घेतली व त्याच सालीं रायरीचा किल्लाहि घेतला. १० नोव्हेंबर १६५९ रोजीं पोलादपुराच्या माथ्यावर प्रतापगडाखालीं अफजलखान पडला. १६६५ च्या जून महिन्यांत पुरंदरचा तह झाला, तेव्हां तेवीस किल्ले मोंगलांस द्यावे लागले व बारा किल्ले एक लक्ष होनांच्या मुलखासह राहिले. रायरी त्या राहिलेल्या बारांपैकीं. म्हणजे राज्य आंखडून लहान झालें, तेव्हां जो थोडका मुलूख जवळ उरला त्यांत हा होता. आगऱ्याहून परत आल्यानंतर १६६७ पासून १६६९ पर्यंत मोंगलांशीं बहुतेक शांतता होती. त्या अवकाशांत महाराजांनीं अंतर्गत बंदोबस्ताकडे लक्ष दिलें, हें इतिहासज्ञांस मान्य आहे. पुढें रायरीचा रायगड झाला, राजधानी तेथें आली, आणि ६ जून १६७४ रोजीं तेथें राज्याभिषेक झाला. जगदीश्वराच्या देवळांतील शिलालेखांत हिरोजी इंदुलकरानें गडावरील वापी, तडाग, वाडे इत्यादि बांधकाम नमूद केलें आहे.

राजधानी येणें ही गोष्ट पायथ्याच्या मुलखास दुहेरी असते. बाजार वाढतो, हुन्नरी लोकांस काम मिळतें. तसेंच वेठ, वैरण, लांकूड व धान्य यांची मागणीहि वाढते. शिवाय या डोंगरांतील घर एकाच वेळीं शेताचें व लष्कराचें असे. ४ फेब्रुवारी १६७० रोजीं सिंहगडावर पडलेले तानाजी मालुसरे यांचें उमरठ गांव आजच्या पोलादपूर तालुक्यांत आहे. नांगर धरणारा व तलवार धरणारा एकाच उंबऱ्यांतून निघत असल्यामुळें रयत मोडली तर पायदळहि मोडणार, हें येथें कोणास समजावून सांगण्याची गरज नव्हती. राज्याच्या अर्थकारणाचा विचार अशा भूमीवर उभा होता.

३

आतां दोन साक्षीदार पाहूं. सभासदानें आपली बखर राजाराम महाराजांच्या सांगण्यावरून, सतराव्या शतकाच्या अखेरीस, चंदीकडे लिहिली. जमिनीची मोजणी करविली. काठी पांच हात पांच मुठींची ठरविली. एकशें वीस बिघ्यांचा चावर धरला. पिकाचे पांच भाग करून तीन रयतेस व दोन सरकारास घेतले. नवीन रयतेस गुरें व बियाण्यास धान्य-पैका देऊन तो दोन चार वर्षांनीं उगविला, असें तो सांगतो. चाकरीसंबंधानें त्याचें म्हणणें असें कीं, लाख सवा लाख होनांच्या महालावर सुभेदारास सालीना चारशें होन व मुजुमदारास शंभर सवाशें होन ठरविले. गांव मोकाशास न देतां वेतन रोख किंवा वरातीनें दिलें. आणि देशमुख-देसायांचे कोट वाडे पाडून त्यांचे हक्क बांधून दिले.

फ्रायर हा ईस्ट इंडिया कंपनीच्या चाकरींतील वैद्य. तो १६७० नंतरच्या दशकांत या किनाऱ्यावर होता. त्याचें पुस्तक लंडनास १६९८ त छापलें. तो म्हणतो कीं, पूर्वीच्या दुप्पट सारा बसविला जातो, आणि जे देसाई कबूल होत नाहींत त्यांस कैदेंत घालून छळतात.

दोघांचीहि पारख करावयास हवी. सभासद पुत्रापुढें पित्याचा कारभार सांगत आहे, आणि तोहि राज्य संकटांत असतां. तेव्हां त्यानें नियम सांगितला, नियमाचा भंग सांगितला नाहीं. फ्रायर ज्या लोकांची तक्रार सांगतो ते देसाई, म्हणजे ज्यांचे मधले हक्क या सुधारणेनें कापले गेले तेच लोक होत. त्यांतून कंपनीचा राजापूरच्या वखारीचा १६६१ पासूनचा नुकसानीचा दावा हेन्री ऑक्झिंडन १६७४ सालीं रायगडीं आला तेव्हांहि मिटला नव्हता. इंग्रजांस हें सरकार गोड वाटण्याचें कारण नव्हतें. तथापि एवढ्यावरून फ्रायरची साक्ष रद्द होत नाहीं. कामगार रयतेस पिळीत असतील, ही शंका खुद्द महाराजांच्या सरकारासहि होती. तिचा पुरावा पुढील पत्रांत आहे.

४

पहिलें पत्र ६ डिसेंबर १६७१ चें, कुडाळचा सरसुभेदार नरहरी आनंदराव यास. विषय मिठाचा. फिरंग्यांच्या बारदेशांतून येणारें मीठ स्वस्त पडे. तसें झालें म्हणजे व्यापारी तिकडे वळणार आणि संगमेश्वराकडील स्वदेशचें मीठ पडून राहणार. सबब बारदेशच्या मिठावर अशी जबर जकात घ्यावी कीं, संगमेश्वरच्या मिठाच्या भावापेक्षां तें महागच पडावें, असा हुकूम आहे. तारीख ध्यानांत घ्यावी. पाऊस सरून घांटाच्या वाटा खुल्या झाल्या कीं मिठाचे बैल चालूं लागतात. हंगाम सुरू होतां होतां जकातीचा हुकूम सुटला. येथें जकात नुसत्या खजिन्याकरितां वाढविलेली नाहीं. मिठागरावर पोट भरणारा माणूस आपल्या मुलखांत टिकावा म्हणून वाढविली आहे.

दुसरें पत्र १९ मे १६७३ चें. चिपळूण तर्फेंतील हालवर्ण येथें पावसाळ्यासाठीं छावणीस राहिलेल्या घोडदळाचे जुमलेदार, हवालदार व कारकून यांस तें लिहिलें आहे. पाऊस तोंडावर आला होता. दाणा, गवत सांठविलें आहे तें हिशेबानें वापरा. आतांच उधळलें तर ऐन पावसांत घोडीं मरतील व मग तुम्ही कुळंब्यांच्या घरचें धान्य, भाकर, भाजी, लांकूडफांटा घेऊं लागाल. तसें झालें कीं जे गरीब कुळंबी जीव धरून राहिले आहेत तेहि जातील, कित्येक उपाशी मरतील, आणि मोंगलांपेक्षां तुम्ही अधिक असें त्यांस वाटेल, असें त्यांत बजावलें आहे. जें लागेल तें बाजारांत रोख पैका देऊन आणावें. पेटता दिवा ठेवला तर त्याची वात उंदीर नेईल व गवताची गंज पेटेल, इतक्या बारकाईपर्यंत हें पत्र उतरलें आहे. या पत्राची स्तुति दयेचें पत्र म्हणून होते. आम्ही त्यास हिशेबाचें पत्र म्हणतों. सरकारनें रयतेस कांहीं दिलें तर तें दहा बैलांएवढें असेल. पण सरकारच्याच शिपायानें पावसाळ्यांत खाल्लें तर तें सबंध गांवाएवढें होतें. देण्याआधीं खाणें थांबवावें, हा या पत्राचा अर्थ.

तिसरें पत्र १६७५ च्या जानेवारींतलें, प्रभावळी मामल्याचा सुभेदार जिवाजी विनायक यास. जंजिऱ्याच्या सिद्दीविरुद्ध उभारलेल्या पद्मदुर्गासाठीं व दौलतखान आणि दर्यासारंग यांच्या आरमारासाठीं नेमून दिलेला ऐवज व गल्ला त्यानें वेळेवर पोंचविला नाहीं. असा कामगार शत्रूस सामील आहे असें कां समजूं नये, असा उघड आरोप पत्रांत केला आहे. आणि ब्राह्मण म्हणून मुलाहिजा राहणार नाहीं, असें स्पष्ट कळविलें आहे. जुन्या काळच्या चाकरींत कुळ, जात, ओळख यांच्या आडोशानें पुष्कळ चुका झांकल्या जात. तो आडोसा येथें शब्दांनीं मोडला आहे.

चौथें पत्र ५ सप्टेंबर १६७६ चें, त्याच प्रभावळी मामल्याचा सुभेदार रामाजी अनंत यास. या चौघांत हें सर्वांत महत्त्वाचें. आरंभींच सुभेदारास आठवण दिली आहे कीं, चोरी न करितां इमानानें काम करीन अशी तूं शपथ घेतली आहेस. तीस जागून भाजीच्या देठाएवढ्या वस्तूवरहि मन जाऊं देऊं नकोस. नंतर वसुलीची रीत येते. रयतेकडून रोख पैका मागूं नये. पिकाचा वांटा मालरूपानें घ्यावा, तो नीट सांठवावा, आणि बाजारभाव पाहून विकावा, म्हणजे रयतेस सुगींत स्वस्तानें विकावें लागणार नाहीं व सरकारचाहि फायदा होईल. त्यानंतर लागवडीची रीत. सुभेदारानें गांवोगांव फिरावें, कुळंबी गोळा करावे, कोणाजवळ माणूसबळ, बैल व दाणे किती आहेत तें पाहावें. ज्यास शेत करण्याची शक्ति आहे पण बैल नाहीं, त्यास बैल घेण्यास पैका द्यावा. खावयास नाहीं त्यास खंडी दोन खंडी दाणे द्यावे. तो पैका वाढीदिढीवांचून, मुद्दलच तेवढें, त्यास तवानगी येईल तसतसें हळूहळू घ्यावें. या कामास दोन लाख लारीपर्यंत खर्च झाला तरी तो सरकारास मान्य आहे, मात्र पड जमीन लागली पाहिजे व वसूल वाढला पाहिजे. ज्या कुळावर मागील बाकी आहे पण देण्याची शक्ति नाहीं, त्याची बाकी तहकूब ठेवून हुजूर कळवावें, म्हणजे माफीचा विचार होईल.

५

हीं चार पत्रें एका ओळींत ठेवलीं म्हणजे तीन गोष्टी दिसतात.

पहिली ही कीं, तारखा शेतीच्या व व्यापाराच्या वर्षाशीं जुळतात. मिठाचा हुकूम हंगामाच्या आरंभीं, छावणीचा हुकूम पावसाच्या आधीं, आरमाराच्या ऐवजाची ताकीद समुद्र खुला असतां, आणि लागवडीचा हुकूम पुढील सालची तजवीज करावयास अवकाश असतां. चुकीची दखल घेण्यास सालअखेरची वाट पाहिलेली नाहीं. हिशेब सालाचा, पण देखरेख महिन्याची, असा हा कारभार होता.

दुसरी ही कीं, रयतेची उभारणी व चाकरीची शिस्त हीं दोन कलमें यांत कधींच वेगळीं पडत नाहींत. १६७६ च्या पत्रांत बैलांच्या कर्जाची गोष्ट येण्यापूर्वीं सुभेदाराच्या शपथेची गोष्ट येते, हा क्रम सहजगत्या आलेला नाहीं. दोन लाख लारी एका माणसाच्या हातीं खर्चावयास द्यावयाच्या तर त्या माणसाचा हात आधीं स्वच्छ पाहिजे. वाढीदिढीवांचून कर्ज देण्याचा हुकूम सोपा. पण मधला कामगार त्यावर आपली दिढी चढवील तर हुकूम फुकट. चारशें होनांचें बांधलेलें वेतन, फुटकळ वस्तूवरहि मन न जाण्याची शपथ आणि मुलाहिजा न करण्याची धमकी, हीं तीन मिळून त्या कर्जाचें कुंपण होतें.

तिसरी गोष्ट प्रभावळीची. १६७५ च्या जानेवारींत त्या मामल्यावर जिवाजी विनायक होता व त्यास कठोर ताकीद आली. वीस महिन्यांच्या आंत त्याच मामल्यावर रामाजी अनंत आहे व त्यास शपथेची आठवण दिली जात आहे. एवढ्यावरून पहिल्यास चुकीबद्दल काढलें असा निकाल आम्ही देत नाहीं. परंतु एका मामल्याचीं दोन पत्रें लागोपाठ ठेवलीं असतां सरकारचें शिक्षण दिसतें: पहिल्या पत्रांत काम बिघडल्यानंतरची संतप्त ताकीद आहे, दुसऱ्यांत काम बिघडूं नये म्हणून आधींच घालून दिलेली रीत आहे. सुधारणा म्हणतात ती हीच.

आतां फ्रायरकडे परत वळूं. रयत पिळली जाते ही त्याची तक्रार, आणि कामगार चोरी करील ही सरकारची शंका, या दोहोंचा रोख एकाच जागीं आहे: सुभेदार व कुळंबी यांच्या मधल्या जागीं. तेव्हां फ्रायर सर्वस्वी खोटा नव्हे व सभासदहि सर्वस्वी खरा नव्हे. गुन्हे होत होते. पण ते हुजुरास कळत होते, आणि कळल्यावर कागद निघत होता. राज्य निर्दोष होतें असें म्हणण्यापेक्षां आपला दोष स्वतः लिहून ठेवणारें होतें असें म्हणणें महाराजांस अधिक भूषणावह आहे, आणि तें पुराव्यास धरूनहि आहे.

येथें आणखी एक बारीक गोष्ट नमूद करावीशी वाटते. राज्याभिषेकाच्या वेळीं पेशव्याचा मुख्य प्रधान, मुजुमदाराचा अमात्य, सुरनिसाचा सचिव असे संस्कृत पर्याय झाले, आणि राज्यव्यवहारकोश तयार होऊन कचेरीच्या फारसी शब्दांस प्रतिशब्द मिळाले. परंतु १६७६ चें पत्र अद्याप तवाना, कीर्द, दस्त, जाजती अशाच शब्दांत बोलतें. नांवें दरबारांत एका दिवसांत बदलतां येतात. मामल्याच्या चावडींत तीं बदलण्यास पिढी लागते. कारभाराची सुधारणा दरबाराच्या पदव्यांवरून मोजूं नये, मामल्याच्या कागदावरून मोजावी, हें यावरूनहि सिद्ध होतें.

६

ही रीत पुढें टिकली काय? ३ एप्रिल १६८० रोजीं महाराज रायगडीं वारले. नऊ वर्षांनीं राजधानी गेली. राजाराम महाराज चंदीस गेल्यावर राज्य राखण्यासाठीं सरदारांस वतनें, इनामें व सरंजाम यांचीं आश्वासनें द्यावीं लागलीं. त्या प्रसंगीं दुसरा मार्ग नव्हता, आणि त्याच मार्गानें राज्य वांचलें, हें नाकबूल करतां येणार नाहीं. परंतु किंमत मोठी पडली. रोख वेतनाच्या जागीं मुलूख आला. ज्याच्या हातीं मुलूख आला त्यास शपथेची आठवण देणारें पत्र लिहिणें पूर्वींसारखें सोपें राहिलें नाहीं. रयतेच्या उभारणीचें कुंपण या जागीं मोडलें. रामचंद्रपंत अमात्यांच्या नांवें प्रसिद्ध असलेल्या १७१५ च्या आज्ञापत्रांत वतनदारांविषयीं सावधगिरीचा इशारा आहे, आणि आरमारासाठीं लांकूड तोडतांना रयतेच्या आंब्याफणसास हात लावूं नये, असेंहि सांगितलें आहे. रायगडच्या कारभाराची ती पाठ केलेली आठवण होय. आठवण लिहून ठेवावी लागली, यावरूनच आचार सुटत चालला होता हें कळतें.

त्यानंतरच्या मराठी कारभारांत उजाड गांव वसविण्याचें मुख्य साधन म्हणजे इस्ताव्याचा कौल. पड जमीन घेणाऱ्यास पहिल्या सालीं नांवापुरता धारा, दुसऱ्या सालीं कांहीं अधिक, असें चढत चढत ठरलेल्या मुदतीनें पुऱ्या धाऱ्यावर आणावयाचें. ज्या अभ्यासकास मुलखाची सालोसालची प्रगति प्रत्यक्ष पाहावयाची असेल त्यानें इस्ताव्याचा कागद पाहावा. त्यांत एकेका वर्षाची पायरी लिहिलेली असते.

७

आता महाड-पोलादपूर प्रांताविषयीं शेवटचें सांगणें. वरील चार पत्रांपैकीं एक कुडाळास, एक चिपळुणास व दोन प्रभावळीस गेलीं. चारीहि दक्षिण कोंकणांतलीं. राजधानीच्या पायथ्याचा मुलूख हुजुराच्या नजरेखालीं असल्यामुळें तेथें तोंडी हुकूम चालत असेल, हें संभवतें. पण दिव्याखालीं अंधार ही म्हणहि आपल्याच भाषेंतली आहे. बैल, दाणे व मुद्दल यांची ही रीत पांचाडच्या, बिरवाडीच्या, पोलादपूरच्या कुळंब्यापर्यंत पोंचली होती काय, याचा निकाल हुजुराच्या पत्रांवरून लागणार नाहीं. तो गांवच्या कागदांवरूनच लागेल.

आणि येथें आम्हांस संग्राहकांशीं स्पष्ट बोलावयाचें आहे. मोर्तबाचें पत्र सांपडलें म्हणजे आपण त्यास वस्त्रांत गुंडाळतों. त्याच रुमालांतला पाहणीखर्डा, कौलनामा, बैलाच्या कर्जाचा रोखा, बाकीची यादी, हीं मात्र वाण्याच्या हिशेबाचीं चिटोरीं म्हणून बाजूस पडतात. ही दृष्टि बदलली पाहिजे. शिक्क्याचें पत्र सरकारानें काय सांगितलें तें कळवितें. चिटोरें काय घडलें तें कळवितें. छत्रपतींच्या सरकाराची खरी परीक्षा दुसऱ्यावर होईल, आणि त्या परीक्षेस भिण्याचें कारण नाहीं. ज्या राजानें आपल्या सुभेदारास भाजीच्या देठाचाहि हिशेब विचारला, त्याच्या कारभाराचा हिशेब आपण स्तुतिस्तोत्रांनीं भागविणें हा त्याचाच अनादर होय.

वेळहि थोडा आहे. जुलै २०२१ च्या महापुरांत महाड शहराच्या सखल भागांतील घरें पाण्याखालीं गेलीं, त्याच वेळीं महाड तालुक्यांतील तळिये येथें दरड कोसळून वाडीच्या वाडी गाडली गेली, आणि पोलादपूर तालुक्यांतहि दरडींनीं माणसें गेलीं. जेथें माणसांचे प्राण गेले तेथें कागदांचा शोक करणें शोभत नाहीं. परंतु माळ्यावरच्या व फडताळांतल्या दप्तरांस पाणी व वाळवी दोघेंहि सारखेच वैरी आहेत, आणि पुढचा पूर आपली वाट पाहून येणार नाहीं. जुलै २०२५ मध्यें युनेस्कोनें मराठ्यांच्या बारा किल्ल्यांस जागतिक वारशाच्या यादींत घेतलें व त्यांत रायगड आहे, याचा सर्वांस आनंद झाला. गडाच्या दगडांस मान मिळाला. गडाच्या पायथ्याच्या कागदांस अद्याप छप्परहि नाहीं.

सबब विनंति अशी कीं, ज्यांचा या दोन तालुक्यांत घरोबा आहे त्यांनीं जुन्या कुलकर्णी, खोत, देशमुख व वाणी घराण्यांचीं दप्तरें मालकाच्या संमतीनें पाहावींत. कागद मालकाकडेच राहूं द्यावा, पण त्याची छायाप्रत घ्यावी. सन सुहूर असो, फसली असो कीं राज्याभिषेक शक असो, जसा असेल तसा उतरून घ्यावा. आणि फाटक्या अर्ध्या बंदासहि यादींत जागा द्यावी. बैल किती दिले, मुद्दल किती सालांत आलें, बाकी कोणाची सुटली, एवढें सांगणारे दहा बंद जरी एका गांवचे हातीं लागले, तरी रायगडच्या ताळेबंदाचें पहिलें पान लिहावयास घेतां येईल.